पाय घसरतो ते सगळंच शेवाळ नसतं

पावसाळा लागला की आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे फोटो सुरू होतात. एक गंगापूर धरण किती भरलं त्याचे आणि दुसरे अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर हे जवळचे डोंगर-किल्ले करून आलेल्यांचे. मागच्या खेपेला अशाच एका फोटोखाली शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे कातळाला चिकटलेलं हिरवं काय आहे? पान म्हणावं तर देठ नाही, आणि मधेच दुभंगलंय." धडाधड उत्तरं आली. शेवाळ. दगडफूल. मॉस. एकाने तर 'बुरशी आहे, हात लावू नका' असा इशाराही दिला.

चौघेही चुकले होते. यात त्यांचा दोष नाही. त्या वनस्पतीला आपल्या रोजच्या बोलण्यात नावच नाही. शास्त्रीय मराठीत तिला यकृतका म्हणतात, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांच्या तोंडी लिव्हरवर्ट असतं. काकूंना मी ग्रुपवर चार ओळींत उत्तर दिलं, पण चार ओळींत ते मावण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख.

चार हिरव्या वस्तू आणि एकच नाव

आपण ज्याला सरसकट 'शेवाळ' म्हणतो त्यात किमान चार वेगळ्या जिवांची गर्दी आहे. आधी ती सोडवू.

पहिलं खरं शेवाळ, म्हणजे शैवाल. पाण्याच्या टाकीतला हिरवा थर, घाटाच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीतपणा, डबक्यातले केसांसारखे धागे हे सगळं त्यात आलं. बोटांनी चोळलं की लगदा होतो, कारण त्याला पक्का आकारच नसतो.

दुसरं दगडफूल. ते तुमच्या गोड्या मसाल्याच्या डब्यात आहे. राखाडी, कोरडं, कागदासारखं. ही वनस्पतीच नव्हे; बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशीने घर द्यायचं, शैवालाने स्वयंपाक करायचा.

तिसरं मॉस, शास्त्रीय मराठीत हरिता. भिंतीवरचं हिरवं मखमल म्हणजे हेच. जवळून पाहिलं तर इवली इवली उभी रोपटी दाटीने उभी दिसतात.

चौथी आपली यकृतका. मॉसची चुलत बहीण म्हणा. दोघींना आणि शृंगका नावाच्या तिसऱ्या एका बहिणीला मिळून 'शेवाळी' म्हणतात. शाळेत 'ब्रायोफायटा' हा शब्द घोकला असेल, 'वनस्पतिसृष्टीतले उभयचर' हे वाक्य रिकाम्या जागेत भरलं असेल, ते यांचंच. जमिनीवर राहतात, पण पुनरुत्पादनासाठी पाणी लागतं, म्हणून बेडकाची उपमा.

आता शैवाल, शेवाळ आणि शेवाळी हे तीन शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरणाऱ्या भाषेत लोकांचा गोंधळ उडाला तर नवल काय! पुढे मी शेवाळी हा शब्द शक्यतो टाळणार आहे.

नावात यकृत कुठून आलं

मध्ययुगीन युरोपात अशी समजूत होती की वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवाच्या आजारावर ती गुणकारी असते. काही यकृतकांचा देह पसरट आणि खाचांचा, बकऱ्याच्या काळजाच्या तुकड्यासारखा दिसतो. झालं, लिव्हरचं औषध म्हणून नाव पडलं ते कायमचं. औषधाचा दावा टिकला नाही, नाव टिकलं. कावीळ झालेल्याने हे उगाळून पिऊ नये, एवढं सांगून हा विषय संपवतो.

मूळ नाही, खोड नाही, मग आहे काय

यकृतका दोन ढंगांच्या असतात. एक ढंग म्हणजे सपाट पट्टी. जमिनीला चिकटलेली, टोकाशी दोन फाट्यांत फुटणारी, प्रत्येक फाटा पुन्हा दोनात फुटणारा. मुळं, खोड, पानं अशी वाटणी नसलेल्या या देहाला थॅलस म्हणतात. मी पट्टीच म्हणेन. दुसरा ढंग पानांचा: बारीक दोऱ्यासारखा दांडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चपटी बसवलेली पानं, जणू कुणी अबोलीची वेणी इस्त्री करून ठेवलीय. जगात यकृतकांच्या ७ ते ९ हजार जाती असाव्यात, भारतात ९०० च्या आसपास, आणि त्यांतल्या बहुसंख्य या पानवाल्या आहेत. डोळ्यांत मात्र पट्टीवाल्या भरतात, कारण त्या मोठ्या. मोठ्या म्हणजे बहुतेक नखाएवढ्या किंवा बोटाच्या पेराएवढ्या, काही थोड्या त्याहून लांब.

मूळ नसल्याने पाणी ओढून वर चढवायची सोय नाही. पट्टीच्या खालून केसांसारखे धागे निघतात, त्यांना मूलाभ म्हणतात. त्यांचं मुख्य काम चिकटून राहायचं. पाणी घेतलं जातं ते सगळ्या अंगाने. पावसात उभ्या केलेल्या टॉवेलसारखं.

आणखी एक उणीव आहे. आंब्याच्या पानावर सूक्ष्म भोकं असतात, पर्णरंध्रं. त्यांना दोन कवाडं असतात. ऊन वाढलं की कवाडं लागतात, पाणी आत राहतं. यकृतकांच्या पूर्ण कुळात अशी कवाडवाली रंध्रं नाहीत. काहींच्या पट्टीवर भिंगातून बारीक टिपके दिसतात, ती हवेची भोकं, पण त्या नुसत्या खिडक्या. म्हणून तर बाई ओलावा सोडून कुठे जात नाहीत.

हे वाचून ही फार मागासलेली वनस्पती आहे असं वाटेल. थोडं थांबा. जमिनीवर वनस्पती आल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक म्हणजे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म बीजाणू. अर्जेंटिनातल्या खडकांत ते सापडले आणि आजच्या यकृतकांच्या बीजाणूंशी त्यांचं साम्य आहे. बीजाणू म्हणजे बी नव्हे, एकाच पेशीचं धुळीएवढं बियाणं. तेव्हा ना गवत होतं, ना फूल, ना डायनोसॉर. आपला सह्याद्री ज्या लाव्हाचा बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ब्रह्मगिरीचा कातळ तयार झाला तेव्हा त्याच्यावर चढून बसणाऱ्या या पट्टीचं घराणं चाळीस कोटी वर्षांचं जुनं होतं.

नाशिकला शोधायचं कुठे

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, आणि पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत ३००० च्या वर. मधली उतरंड गाडीच्या काचेतून दिसते. पाथर्डी फाट्याला वायपर बंद असतो, वाडीवऱ्हेला चालू होतो आणि घोटीला त्याचं काही चालत नाही. यकृतका त्याच उतरंडीने वाढत जातात. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा, इगतपुरी हा पश्चिमेचा पट्टा त्यांचा. निफाड-येवल्याकडे शोधत बसलात तर विहिरीच्या आतल्या बाजूला वगैरे काही मिळेल, एरवी निराशा.

जंगलात शिरल्यावर नवशिक्याची पहिली चूक ठरलेली. तो खाली बघतो. जंगलाच्या सपाट जमिनीवर सागाचा, ऐनाचा पाचोळा पडतो. सागाचं एक पान म्हणजे नखाएवढ्या जिवाला पडलेलं छप्परच. उजेड बंद, खेळ खलास. म्हणून यकृतका अशा जागा धरतात जिथे पाचोळा टिकत नाही. पायवाट खोदताना झालेली मातीची उभी कड. ओहळाच्या काठचा कातळ. कपारीचा आतला भाग, जिथे पाणी झिरपतं पण धार पडत नाही. किल्ल्याच्या पायऱ्यांच्या सांध्यातली माती. भातखाचराच्या बांधाची आतली बाजू. जुन्या झाडाच्या खोडाची खालची हातभर उंची.

दिशाही बघायची. आपल्याकडे पाऊस संपल्यावर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आधी सुकतो. उत्तरेकडचा उतार, त्यातही झाडाखालचा, महिनाभर जास्त ओला राहतो. ऑक्टोबरात बाकी डोंगर पिवळा पडायला लागला की मी सरळ उत्तर अंग गाठतो.

वेळ म्हणाल तर जूनचा पहिला पाऊस फुकट. पट्ट्या नुकत्या फुटत असतात. ऑगस्ट आणि सप्टेंबर हा खरा हंगाम, कारण तेव्हा त्या फळावर येतात (यांचं फळ म्हणजे बीजाणूंची पिटुकली डबी), आणि फळाशिवाय नीट ओळख पटत नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत खेळ आटोपतो. एकदा ऑगस्टमध्ये अंजनेरीच्या पायथ्याशी मी कडेला नाक लावून बसलो होतो, तेव्हा गुरं घेऊन चाललेल्या एका बाबांनी विचारलं, "काय हरवलं का साहेब?" म्हटलं, "नाही बाबा, शेवाळ बघतोय." ते म्हणाले, "त्याला बसायचं कशाला? उभ्यानंच दिसतं ते, घसरल्यावर तर लईच जवळून."

ओळखायचं कसं: आधी उलटं करा

साहित्य फारसं लागत नाही. सराफ वापरतात ते दहापटीचं भिंग घ्या, सराफ बाजारात विचारलंत तर मिळेल. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू जवळ आणायची. आपण उलट करतो म्हणून काही दिसत नाही. पट्टीचा एक तुकडा नखाने अलगद उचला आणि पालथा करा.

खालून धागे दिसले आणि पट्टी दोनात फाटत गेलेली असली तर यकृतका असण्याची शक्यता भरपूर. खालच्या बाजूला जांभळट खवले आहेत का, ते बघा. बरेचदा असतात, आणि उन्हाच्या दिवसांत पट्टी मिटते तेव्हा हेच खवले बाहेरून पांघरुणासारखे येतात. वरून हिरवी आणि खालून वांग्याच्या रंगाची पट्टी हातात आली की माझा दिवस चांगला जातो.

सह्याद्रीच्या या भागात भेटणाऱ्या काही जणींची ओळख करून देतो. लॅटिन नावांचं दडपण घेऊ नका. गाईला जर्सी म्हणतोच ना आपण.

रिक्सिया: शेताच्या बांधावर, ओल्या अंगणात रुपयाच्या नाण्याएवढी गोल चक्ती करून बसते. पट्ट्या मध्यापासून बाहेर इंग्रजी वाय अक्षरासारख्या फुटतात. हिची फळं वर येतच नाहीत. पट्टीच्या आतच काळे ठिपके दिसतात, पट्टी कुजली की बीजाणू मोकळे. तिची एक जात मासे पाळणाऱ्यांच्या काचपेटीत तरंगते, दुकानात ती रिक्सिया याच नावाने मिळते.

टार्जिओनिया: अरुंद पट्टी, आणि टोकाशी खालच्या बाजूला काळी-जांभळी शिंपली. अगदी खायच्या मिटलेल्या शिंपल्यासारखी दोन झडपांची. आत एकच गोल फळ. एकदा पाहिली की विसरत नाही.

ॲस्टरेला: हिच्या टोकावर दांडीची छत्री उगवते. छत्रीखाली पांढुरक्या पट्ट्यांची झालर लोंबते आणि झालरीत फळ असतं. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कुणी मोहरीएवढ्या करून टांगल्या तर कशा दिसतील, तसं. हे दृश्य भिंगाशिवाय दिसत नाही, आणि भिंग विकत घ्यायला एवढं एक कारण पुरे आहे.

प्लॅजिओकाझ्मा: छत्री हिलाही येते, पण पट्टीच्या टोकावर न येता पाठीवर, मधेच. जुन्या भिंती आणि कोरडे कातळ सहन करणारी, चिवट.

मार्केंशिया: पुस्तकातलं चित्र हिचं असतं. पाठीवर छोटे द्रोण असतात आणि द्रोणात हिरव्या चकत्या. पावसाचा थेंब द्रोणात बरोबर पडला की चकत्या उडून दूर पडतात आणि प्रत्येकीचं नवं रोप होतं. नर वेगळा, मादी वेगळी. मादीची छत्री बोटं पसरल्यासारखी, नराची थाळीसारखी.

पानवाल्यांमध्ये फ्रुलानिया खोडावर बघा. तपकिरी-लालसर, दगडफुलाच्या शेजारीच. प्रत्येक पानाखाली एक चिमुकली टोपी असते, पाणी साठवायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्या टोपीत कधीकधी जिवंत सूक्ष्म प्राणी फिरताना दिसतात, म्हणजे भाडेकरूही आहेत.

पानवाली यकृतका आणि मॉस यांत गल्लत होतेच. मॉसच्या पानाला बहुधा मधोमध शीर असते, यकृतकेच्या पानाला नसते. मॉसची पानं दांडीभोवती चहूकडून, हिची दोन ओळींत चपटी, आणि बरेचदा खालून तिसरी लहान ओळ. फळाची गंमत वेगळीच. मॉसचं फळ तारेसारख्या ताठ दांडीवर आठवडेच्या आठवडे उभं राहतं, त्याला झाकण असतं. पानवाल्या यकृतकेची दांडी भिजलेल्या शेवईसारखी पारदर्शक, भराभर वाढते, फळ चार पाकळ्यांत फुटतं, आणि दोन दिवसांत सगळं लोळागोळा. तुम्ही रविवारी गेलात आणि ते मंगळवारी झालं, तर पुढच्या रविवारी त्याचा मागमूस नाही.

आणि पट्टीच्या पाठीवर हिरवं शिंग उभं दिसलं तर ती यकृतका नव्हेच, ती वर सांगितलेली तिसरी बहीण शृंगका. मी पहिली दोन वर्षं शृंगकांना यकृतका समजत होतो.

कपारीत चमकतं ते भूत का

सायाथोडियम नावाची एक पातळ, नाजूक यकृतका गुहांच्या तोंडाशी, विहिरीत, काळोख्या कपारीत राहते. टॉर्चचा उजेड तिरका पडला की ती सोनेरी-हिरवी चकाकते. पाहणाऱ्याचा जीव दचकतो, गोष्टी तयार होतात. प्रत्यक्षात तिच्यात स्वतःचा उजेड नाही. मांजराच्या डोळ्यासारखा प्रकार आहे: पेशींचा आकार असा की आलेला थोडासा प्रकाश गोळा होतो आणि काही मागे फिरतो. टॉर्च बंद, चकाकी बंद. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री लाकूड चमकतं ते वेगळं, ती बुरशी आहे आणि ती खरोखर स्वतः उजळते.

अंगाऱ्याची पुडी

आता गोळा करण्याचं. माझ्या पहिल्या नमुन्यांची कहाणी आधी सांगतो. घोटीजवळ एका मित्राचं शेत आहे. खालच्या अंगाला ओहळ, जांभूळ आणि करंजाची दाटी. तिथून मी मोठ्या उत्साहाने सहा नमुने काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले, पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी डिकी उघडली तर कुजलेल्या पालकाचा वास. सहातलं एकही ओळखता येईना.

दुसऱ्या खेपेला शहाणा होऊन कागद नेला, पण नोंदी जेल पेनने केल्या. नमुना ओला, कागद ओला, शाई फुटली. सहा पुड्या आणि सहा निळे डाग. तेव्हापासून फक्त पेन्सिल. पेन्सिलचं अक्षर भिजून पुसलं जात नाही.

पद्धत अशी. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा घ्या आणि देवळात अंगाऱ्याची पुडी बांधतात तशी घडी घाला: खालचा भाग वर, दोन्ही बाजू मागे, वरची चोच आत. जगभरच्या संग्रहालयांत यकृतका अशाच कागदी पुड्यांत ठेवलेल्या असतात. गुलाबाचं पान वहीत दाबतो तसं यांना दाबायचं नसतं, दाबलं की छत्र्या आणि शिंपल्या सपाट होतात. चाकूच्या टोकाने दहा रुपयांच्या नाण्याएवढा तुकडा उचला, खालची माती पातळ करून घ्या. आजूबाजूला भरपूर असेल तरच उचला. एकच ठिगळ दिसलं तर फोटो काढा आणि पुढे व्हा. फळ असलेला भाग मिळाला तर सोन्याहून पिवळं.

पुडीवर तिथल्या तिथे लिहा. घरी जाऊन लिहीन म्हणणारे कधीच लिहीत नाहीत. माझ्या एका पुडीवर आहे ते असं: 'घोटीजवळ, ओहळाचा उजवा काठ, मातीची उभी कड, गुडघाभर उंचीवर, उत्तरेकडे तोंड, जांभळाखाली पूर्ण सावली, सोबत मॉस, चुरडल्यावर वास, २ सप्टेंबर २०२३.' उंची आणि जागेचे अंक मोबाईलवरून टिपता येतात. नुसतं 'नाशिक जिल्हा' लिहिलेल्या पुडीचा कुणालाही उपयोग नाही. अंजनेरी माथा सुमारे १३०० मीटरवर आणि शहर सातशेच्या खाली. 'नाशिक' या एका शब्दात दोन वेगळी हवामानं बसतात.

त्या नोंदीत वास का लिहिला, हे सांगायला हवं. बहुतेक यकृतकांच्या पेशींत तेलाचे विशिष्ट गोळे असतात. पडद्यात गुंडाळलेले असे गोळे बाकी वनस्पतींत दिसत नाहीत. कुणात एकच मोठा, कुणात बारीक बारीक डझनभर, आणि जात ओळखायला याची फार मदत होते. पण नमुना वाळला की ते हळूहळू नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग जिवंत ठेवायचा. श्रीखंडाचा रिकामा डबा, तळाला ओला टिश्यू पेपर, वर झाकण, सावलीत. चार दिवसांत कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्यायचं. बाकीचा भाग पुडीतच वाळवायचा.

वाळवणं म्हणजे ऊन नको, इस्त्री नको, ओव्हन तर मुळीच नको. पंख्याखाली, कागद बदलत बदलत. ऑगस्टमध्ये इथे टॉवेल वाळत नाहीत तिथे पुड्या काय वाळणार, पण आठवड्याभरात होतं. एकदा वाळलं की वर्षानुवर्षं टिकतं, आणि पाण्याचे दोन थेंब टाकले की आकार जवळपास पूर्ववत होतो. ही सोय झेंडूच्या फुलाला नाही.

'पण फोटो पुरे ना? ॲप सांगतं की'

हा प्रश्न भाच्याने विचारला होता आणि तो रास्त आहे. फूलझाडासाठी ॲप बरं काम करतं, कारण फूल वरून दिसतं. यकृतकेच्या खुणा पालथ्या बाजूला, फळात आणि पेशीत आहेत. वरून काढलेल्या फोटोत टार्जिओनिया आणि ॲस्टरेला सारख्याच दिसतात. भाच्याच्या ॲपने माझ्या प्लॅजिओकाझ्माला पाण्यातलं शेवाळ म्हटलं, मग दुसऱ्या कोनातून दगडफूल म्हटलं. फोटो काढाच, पण तीन काढा: वरून, पालथा करून आणि जागेचा दुरून. गट कळायला तेवढे पुरेसे आहेत. जात ठरवायची असेल तर पुडी लागते.

'हे गोळा करणं कायद्यात बसतं का'

बरेचदा बसत नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून स्पष्ट लिहितो. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे. त्यात वनोपजाची, म्हणजे जंगलातून मिळणाऱ्या मालाची, जी व्याख्या आहे, तिच्यात झाडं, पानं, गवत, वेली यांच्या रांगेत मॉससुद्धा नाव घेऊन बसवलेलं आहे. म्हणजे राखीव जंगलातून चिमूटभर हिरवळ उचलली तरी ती 'काहीच नाही' असं म्हणता येत नाही. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा आणखी कडक. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही तिथली कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये जगासमोर आली. अशा ठिकाणी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका. नुसतं भिंग घेऊन बसायला कुणाची ना नाही. नमुना परदेशातल्या तज्ज्ञाला पाठवायचा असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा लागतो, आधी विचारणा करा.

मग शिकायचं कुठे? स्वतःच्या किंवा ओळखीच्याच्या शेताचा बांध, विहीर, जुना वाडा, सोसायटीच्या मागची ओली भिंत. मालकाला विचारून. माझ्या पुड्यांपैकी बहुतेक अशाच जागांच्या आहेत. नोंद पक्की असली आणि काही वेगळं वाटलं तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. तिथल्या संग्रहात जुने नमुने ताडून पाहता येतात.

'ठीक आहे, पण उपयोग काय'

आमच्या घरात हा प्रश्न दर रविवारी चहाबरोबर येतो.

पैशातला उपयोग फारसा नाही. उलट नर्सरीवाल्यांना मार्केंशिया तण म्हणूनच माहीत. कुंडीच्या मातीवर तिचं झाकण बसलं की पाणी नीट मुरत नाही. तुमच्या कुंडीत झाली तर घाबरू नका, ती झाडाचं काही शोषत नाही. पाणी कमी करा, उजेड वाढवा, वरचा थर खरवडून टाका. फ्रुलानियामुळे लाकूडतोड करणाऱ्यांच्या कातडीला खाज आणि पुरळ येऊ शकतं, हा आणखी एक अवगुण.

पण प्रयोगशाळेत तिचा मान मोठा. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी मार्केंशियाच्या हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणाचा, संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला. तंबाखूबरोबर हा मान मिळालेली ही जगातली पहिल्या दोन वनस्पतींपैकी एक. २०१७ मध्ये तिचा पूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला. आपल्या पेशीत प्रत्येक सूचना दोन प्रतींत असते, एक आईची आणि एक वडिलांची. एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते आणि बिघाड लपतो. यकृतकेच्या पट्टीत एकच प्रत. एक जनुक बंद केलं की परिणाम लगेच दिसतो. दोन प्रती असतात त्या फक्त तिच्या फळात, आणि ते फळ आईच्या अंगावर वाढून तिथेच संपतं.

आपल्याकडे या विषयाचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला. १८८२ ते १९३४ हा त्यांचा काळ. लाहोरात शिकवत आणि हिमालय पायी फिरत त्यांनी पश्चिम हिमालय आणि पंजाबच्या मैदानातल्या यकृतकांची मांडणी केली.

आणि आपल्या डोंगराला उपयोग? रस्ता रुंद करताना डोंगराची ताजी कड कापली जाते. पहिल्या पावसात तिथली माती लाल होऊन वाहते. दोन-तीन वर्षांनी त्याच कडेवर हिरवा पापुद्रा दिसतो. शैवाल, मॉस, यकृतका यांनी मिळून धरलेला. त्यात पावसाचा थेंब थेट मातीला लागत नाही. मग तिथे नेचे येतात, गवत येतं. सगळ्या अंगाने पाणी पिणारी वनस्पती पाण्यातलं आणि हवेतलं वाईटही तसंच पिते, त्यामुळे हवा बिघडली की नाजूक जाती आधी नाहीशा होतात. दरवर्षी एकाच कडेची नोंद ठेवली तर हे कळतं, एरवी नाही. घोटीच्या त्या ओहळावर गेल्या तीन पावसाळ्यांत मला पाच प्रकार दिसले. यंदा वरच्या अंगाला जांभळं तोडली, ऊन आलं, आणि कडेवर तीनच उरले. पुड्या नसत्या तर मीही म्हटलं असतं, शेवाळच तर आहे, असेल नसेल.

मार्चमध्ये त्याच कडेवर गेलो होतो. माती भाजलेली, ओहळ कोरडा. जिथे टार्जिओनिया होती तिथे काळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटल्यासारखं काहीतरी. मित्र म्हणाला, मेलं ते. मी बाटलीतलं झाकणभर पाणी त्यावर ओतलं आणि आम्ही करंजाखाली डबा उघडला. भाकरी आणि ठेचा संपेपर्यंत पट्ट्या उलगडल्या होत्या, वरून हिरव्यागार. मित्राने उठून आणखी एक झाकण ओतलं.